मानसिक आजाराचा कागद : जालना ते धाराशिव

बारावीनंतर किंवा पदवीच्या मधेच एखादं वर्ष गेलं की पुढच्या प्रवेशाला ‘गॅप सर्टिफिकेट’ लागतं. तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिंगवाल्याकडे त्याचा मजकूर तयार असतो. नाव, गाव आणि वर्ष तेवढं बदलायचं. कारणाच्या जागी बहुतेक वेळा दोनच शब्द असतात, ‘घरगुती अडचण’. नोटरीचा शिक्का बसला की काम झालं. आपल्यापैकी अनेकांनी हा कागद केलेला आहे.

या दोन शब्दांत काय काय मावतं? वडिलांचं आजारपण, दुष्काळ, बहिणीचं लग्न, फी भरायला पैसे नसणं. आणि असंही एक वर्ष मावतं, ज्यात पोरगं खोलीबाहेर आलंच नाही. रात्ररात्र जागं राहिलं. पुस्तक उघडलं की छातीत धडधड सुरू व्हायची. जेवण सुटलं, मित्र सुटले, मग कॉलेजही सुटलं. घरातल्यांना ते दिसत होतं. पण त्या वर्षाचं खरं नाव कुठल्याही कागदावर आलं नाही. परीक्षा बुडाल्याचं कारण द्यायची वेळ आली तेव्हा कुणीतरी सुचवलं, टायफॉईड लिहून घ्या, नाहीतर कावीळ. तेवढ्यावर भागतं.

गंमत अशी की, आज देशाच्या कायद्यानुसार खरा आजार सांगणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ आणि इतर सोयी मागण्याचा हक्क आहे. आजाराची तीव्रता ठरलेल्या मापाच्या वर असेल तर उच्च शिक्षणात राखीव जागाही आहेत. खोट्या टायफॉईडला यातलं काही मिळत नाही. तरीही लोक खोटा आजार लिहून आणतात आणि खरा लपवतात. याला ‘जागृतीचा अभाव’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझ्या मते ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग आपल्या मराठवाड्यात घडला आहे.

दवाखाना गेला, नाव राहिलं

मराठीत काही गावांची नावं शिवीसारखी वापरली जातात. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’. दोन्ही ठिकाणी ब्रिटिश काळापासून मनोरुग्णालयं आहेत. नागपूर आणि रत्नागिरी धरून महाराष्ट्रात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही.

पण मराठवाड्यात असं रुग्णालय कधी नव्हतंच, असं मात्र नाही. उस्मानाबाद, बीड, नांदेड, परभणी, औरंगाबाद हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि या संस्थानाचं मनोरुग्णालय बराच काळ जालन्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झालं. १९५३ साली जालन्याचं रुग्णालय हैदराबादेत एर्रागड्डा इथं हलवण्यात आलं. अवघ्या तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून तुटून मुंबई राज्याला जोडला गेला. दवाखाना आंध्रकडे राहिला, रुग्ण महाराष्ट्राकडे आले. मराठवाड्याच्या मागासलेपणावर आपण सिंचन, रेल्वे आणि नोकऱ्यांच्या अनुशेषाच्या अंगाने खूप बोललो. हा अनुशेष मात्र कोणी मोजला नाही. अलीकडे जालन्यातच पुन्हा प्रादेशिक मनोरुग्णालय उभारायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. जे गेलं होतं ते परत मागायला सात दशकं लागली.

त्या काळातला कागद कसा होता, हेही पाहिलं पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ चा ‘इंडियन लुनॅसी ॲक्ट’ लागू होता. नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडायचे. दाखल्यात डॉक्टरने दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या. वेडाची कोणती लक्षणं आपण स्वतः पाहिली आणि कोणती इतरांनी सांगितली. दंडाधिकाऱ्याची खात्री पटली की माणसाला आत ठेवण्याचा आदेश निघे. ज्याच्याबद्दल हे सगळं लिहिलं जाई, त्याच्या बाजूने त्यात काहीच नसे. त्या कागदाने त्याला काही मिळत नसे. घर, जमिनीचा कारभार, गावातली पत, सगळं त्याच्याकडून काढून घेतलं जाई.

म्हणजे सरकारी कागदावर मानसिक आजाराची पहिली नोंद झाली ती माणसाला समाजातून बाहेर काढण्यासाठी. लग्नाच्या कायद्यांतही तेच. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवरा दोन वर्षं वेडा असणं हे बायकोला तलाक मागण्याचं एक कारण आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही मनोविकृती हे घटस्फोटाचं कारण आहे. त्यामागे जोडीदाराच्या संरक्षणाचा विचार होता, हे मान्य. पण घराघरांत त्याचा अर्थ एकच पोहोचला. असा कागद झाला तर स्थळ येणार नाही, आणि आलेलं मोडेल. अम्मी जेव्हा म्हणते, ‘बेटा, लिहून देऊ नको’, तेव्हा ती अडाणीपणाने बोलत नसते. तिला जुन्या कागदाचा अनुभव आठवत असतो.

भूकंपाची मुलं

‘लुनॅसी ॲक्ट’ स्वातंत्र्यानंतरही चार दशकं टिकला. १९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा आला, त्यात ‘लुनॅटिक’ हा शब्द गेला आणि ‘मानसिक आजारी व्यक्ती’ आली. हा कायदा प्रत्यक्षात लागू झाला १ एप्रिल १९९३ रोजी. पुढच्या सहा महिन्यांत उस्मानाबाद जिल्ह्यावर जे कोसळलं, त्याला हा कायदा पुरणारा नव्हता.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. आपल्या जिल्ह्यात सास्तूर आणि उमरगा-लोहारा पट्ट्यातली गावं मातीच्या जाड धाब्यांखाली गाडली गेली. देशभरातून मदत आली. घरं बांधली गेली, गावं नव्या जागी बसवली गेली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुनर्वसनाचा हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगावाच.

त्याचबरोबर मनोविकारतज्ज्ञांनीही या भागात पाहण्या केल्या होत्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांमध्ये मानसिक आजार आढळला. नैराश्य आणि आघातानंतरचा ताण हे त्यात प्रमुख होते. म्हणजे जखम कुठे आहे हे डॉक्टरांना कळलं होतं. पण त्या मुलांपैकी कुणी पुढे दहावीच्या परीक्षेला बसलं आणि अंधाऱ्या वर्गात, पंख्याच्या घरघरीत त्याचे हात थरथरू लागले, तर पर्यवेक्षकाला दाखवायला त्याच्याकडे काय होतं? घर पडल्याचा पंचनामा होता. आईवडील गेल्याचा मृत्यूचा दाखला होता. मनाचं काय झालं, याचा पंचनामा नव्हता.

दिव्यांगांसाठीचा पहिला व्यापक कायदा आला १९९५ साली आणि तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं गेलं आणि सातांच्या यादीत ‘मानसिक आजार’ होता. सरकारी कागदावर मानसिक आजार माणसाच्या बाजूने नोंदवला जाण्याची ही सुरुवात. मात्र नोकरीतल्या राखीव जागांसाठी या कायद्याने अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्यांचा विचार केला. मानसिक आजाराला यादीत जागा मिळाली, आरक्षणात नाही.

याच सुमारास, १९९६ मध्ये, महाराष्ट्र सरकारने डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सोपं अंकगणित. तपासणी करून दाखला देणारी केंद्रं मात्र सुरुवातीला मुंबईतल्या शीवच्या रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी होती. सवलतीचा आदेश सगळ्या राज्याला लागू, दाखला देणारा मात्र मुंबईत. भूम-परंड्याच्या बापाने पोराला घेऊन शीवला किती खेपा घालायच्या? ही अडचण पुढे प्रत्येक वेळी येत राहिली.

सात गुणांची वेस

मानसिक आजार मोजायचा कसा, हा प्रश्न १९९५ च्या कायद्याने उभा केला. हाताची ताकद मोजता येते, नजर तक्त्यावर मोजता येते. मनाचं काय? भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी एक मोजपट्टी तयार केली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र सरकारने ती राजपत्रात आणली. ‘आयडियाज’ या नावाने ती ओळखली जाते. आजही जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराची टक्केवारी याच मोजपट्टीने काढतात. ती प्रत्येक विद्यार्थ्याला आणि पालकाला समजली पाहिजे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

चार गोष्टी पाहिल्या जातात. स्वतःची काळजी घेणं, लोकांशी वागणं, बोलणं आणि समजून घेणं, आणि काम. विद्यार्थ्याच्या बाबतीत काम म्हणजे अभ्यास आणि कॉलेज. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे अडचण नाही, एक सौम्य, दोन मध्यम, तीन तीव्र, चार अतितीव्र. यात आजार किती वर्षं आहे त्याचे गुण मिळवायचे. दोन वर्षांहून कमी असेल तर एक, दोन ते पाच वर्षं असेल तर दोन, सहा ते दहा वर्षांना तीन, दहाहून जास्त असेल तर चार. एकूण वीसपैकी सात किंवा जास्त गुण झाले की ४० टक्के अपंगत्व धरतात. सातच्या खाली राहिलं की ४० टक्क्यांच्या खाली.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, लोहाऱ्याची एक मुलगी धाराशिवला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून तिला तीव्र नैराश्य आहे. अंघोळ-जेवण ती स्वतः करते, शून्य. लोकांत मिसळणं कमी झालंय, एक. बोलणं मंदावलंय, एक. अभ्यास पार कोलमडलाय, तीन. झाले पाच. आजार एकाच वर्षाचा, म्हणून त्याचा एक. एकूण सहा. तिला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळणार नाही. अगदी हीच स्थिती असलेल्या, पण अकरा वर्षांपासून आजारी असलेल्या माणसाचे गुण होतील नऊ. त्याला मिळेल.

मोजपट्टी बनवणाऱ्यांचा हेतू चुकीचा नव्हता. त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं आजारी असलेले, काम करू न शकणारे लोक होते. त्यांना पेन्शन, प्रवास सवलत मिळावी म्हणून ती तयार झाली. पण विद्यार्थ्याचा आजार बहुतेक वेळा ताजा असतो. तो नेमका सतरा ते बावीसच्या वयात उमटतो. आजार जुना होईपर्यंत थांबा, मग परीक्षेत तासभर जादा देऊ, असं त्याला सांगण्यात काय अर्थ आहे?

दुसरी विसंगती वैद्यकीय शिक्षणातली आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या २०१९ च्या नियमांत मानसिक आजार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागांची शिफारस तूर्त केलेली नाही, कारण मानसिक आजार आणि त्याची तीव्रता ठरवण्याची वस्तुनिष्ठ पद्धत नाही, असं म्हटलं होतं. एकीकडे सरकार २००२ पासून टक्केवारीचे दाखले देतं आणि दुसरीकडे सरकारचीच यंत्रणा म्हणते की हे मोजताच येत नाही. धाराशिवला २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे मानसिक आजाराचा दाखला देणारा डॉक्टर शिकवू शकतो, पण तो दाखला दाखवून राखीव जागेवर कोणी शिकू शकत नव्हतं.

‘वाजवी सोय’ आली कुठून?

अकोमोडेशन म्हटलं की आपल्याकडे हॉस्टेलची खोली आठवते. कायद्यातला ‘रिझनेबल अकोमोडेशन’ हा शब्द वेगळा आहे. मी त्याला ‘वाजवी सोय’ म्हणतो. या शब्दाची जन्मकथा फारशी माहीत नसते. अमेरिकेत १९७२ साली नागरी हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. कामगाराच्या धार्मिक आचरणाला मालकाने शक्य तितकी वाजवी सोय करून द्यावी, असं त्यात म्हटलं. शनिवारी काम न करणारा ज्यू किंवा ॲडव्हेंटिस्ट कामगार, त्याच्या पाळ्या बदलून द्या, एवढाच मूळ प्रश्न होता. जुम्याच्या नमाजची वेळ मागणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पुढे हीच कल्पना अपंगत्वाच्या कायद्यांत गेली. नियम सगळ्यांना एकच लावला म्हणजे न्याय झाला असं नाही. नियम ज्याला आडवा येतो त्याच्यासाठी तो थोडा वाकवायचा. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात ती आली. भारताने २००७ मध्ये करार मान्य केला आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सातच्या जागी एकवीस प्रकार झाले. मानसिक आजाराची व्याख्या आली. त्यात विचार, भावना, आकलन किंवा स्मृतीतल्या अशा बिघाडाचा समावेश आहे, ज्यामुळे रोजच्या जगण्याच्या साध्या मागण्या पुऱ्या करणंही अवघड होतं. कलम १७ ने परीक्षा पद्धतीत बदल आणि जादा वेळेची तरतूद सांगितली. कलम ३२ ने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखून ठेवल्या.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवला पाहिजे, कारण कॉलेजांच्या कार्यालयांत नेमका तोच हरवतो. राखीव जागेसाठी ४० टक्के लागतात. वाजवी सोयीसाठी कायद्याने ४० टक्क्यांची अट घातलेली नाही.

हे सर्वोच्च न्यायालयात सिद्ध करावं लागलं. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्याचं अपंगत्व ४० टक्के नाही म्हणून लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, सोय नाकारण्यासाठी ती वापरता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘नीट’ परीक्षेत जादा वेळ नाकारलेल्या अवनी प्रकाश या विद्यार्थिनीच्या प्रकरणात न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला तिची जबाबदारी आठवून दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार प्रकरणात पुन्हा तेच सांगावं लागलं. चार वर्षांत एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते, यावरूनच कार्यालयांची सवय कळते.

या तिन्ही खटल्यांत अडचण लिहिण्याची होती, हेही नोंदवायला हवं. लेखनिकासाठी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांसोबत जो नमुना होता, त्यात सिव्हिल सर्जनने विद्यार्थ्याला लिहिण्यास ‘शारीरिक’ मर्यादा असल्याचं प्रमाणित करायचं होतं. लोहाऱ्याच्या त्या मुलीचा हात ठणठणीत आहे. प्रश्नपत्रिका समोर आली की तिचं डोकं सुन्न होतं. रात्रीच्या गोळीमुळे सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नाहीत. तिला लेखनिक नको आहे. तिला मधे दहा मिनिटं बाहेर बसायला हवंय, गर्दी नसलेली खोली हवीय, पंच्याहत्तर टक्के हजेरीच्या अटीतून आजाराचे महिने वगळून हवेत. यासाठी छापील फॉर्म नाही. म्हणून खिडकीवरचा क्लार्क म्हणतो, ‘असं काही नसतं.’

कागद न मागणारी जागा

कागद मागणाऱ्या कचेऱ्यांसमोर आपल्याकडे कागद न मागणारी एक जागा कायम उघडी राहिली. ती म्हणजे दर्गा. ‘साया’ आहे, ‘असर’ आहे, ‘बाहेरचं’ आहे म्हणत हिंदू-मुसलमान दोघेही मनाचा आजार घेऊन तिथे जातात. कोणी टक्केवारी विचारत नाही. पेशंट म्हणत नाहीत. जेवायला मिळतं, रडायला मिळतं. शासनाचा मानसोपचारतज्ज्ञ जिथे पोहोचला नाही, तिथे ही जागा होती. तिची टिंगल करणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं.

पण ६ ऑगस्ट २००१ ची घटनाही विसरता येत नाही. तामिळनाडूतल्या एरवाडी इथं दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवासात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गुजरातच्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात पुढे ‘दवा आणि दुआ’ एकत्र देण्याचा प्रयोग झाला. मुजावरच आलेल्या माणसाला शेजारच्या डॉक्टरकडे पाठवतो. हा मार्ग मला पटतो. कारण दुआ माणसाला आधार देते, पण परीक्षा विभागाला दाखवायचा दाखला देऊ शकत नाही. जो तरुण फक्त दर्ग्यात जातो, त्याचा आजार सरकारदरबारी घडलेलाच नसतो.

आकडेही तेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात मानसिक आजारामुळे अपंग म्हणून नोंदले गेलेले लोक होते सुमारे ७ लाख २२ हजार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने उपचारांची गरज असलेल्यांचा अंदाज दिला, सुमारे १५ कोटी. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, हे खरं. तरीही दरवाजावर आलेल्या प्रगणकाला घरातल्यांनी काय सांगितलं आणि काय नाही, याचा अंदाज त्यातून येतो.

आज धाराशिवमध्ये

२०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सरकारने उस्मानाबाद आणि यवतमाळ हे दोन जिल्हे ‘बळीराजा चेतना अभियाना’साठी निवडले. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ही सुरू झाला. गावातली आशाताई घरोघर जाऊन नैराश्याची विचारपूस करू लागली. शेतकऱ्याच्या मनाचा विचार इथे सरकारने केला, हे महत्त्वाचं पाऊल होतं. पण त्याच शेतकऱ्याची मुलगी शहरात खोली करून शिकते, तिच्या कॉलेजपर्यंत ही विचारपूस सहसा येत नाही.

आता अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा असतो. आधार, फोटो, पत्ता. पुढे जिल्हा रुग्णालयाची तारीख, मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी, मग कार्ड. आपल्याकडे यातही एक गंमत आहे. २०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं. जुन्या कागदांवर उस्मानाबाद, नव्यांवर धाराशिव. नावाच्या राजकारणावर बोलायची ही जागा नाही. पण ज्याला आधीच कागदाची भीती वाटते, त्याला एक जादा खुलासा द्यावा लागतो.

कार्डावर अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी छापलेली असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता बंधनकारक केली, पण ते कलम डॉक्टर आणि दवाखान्यांना उद्देशून आहे. कागद कॉलेजच्या खिडकीतून आत गेला की तो किती हातांतून फिरेल, हे मुलीला ठाऊक नसतं. त्यात २०२४ साली राज्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग दाखल्यांवरून देशभर वाद झाला. तेव्हापासून मानसिक आजाराचा दाखला दिसला की नजर बदलते. आरोप एकावर होतो आणि पुरावा सगळ्यांकडून मागितला जातो, हा अनुभव मुसलमानांना नवा नाही.

तरीही मी तरुणांना सांगेन की खरा कागद करा. कारण हा १९१२ चा कागद नाही. त्याच २०१७ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की, मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस ‘वेडा’ ठरत नाही. तसं फक्त सक्षम न्यायालयच ठरवू शकतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाला दिलेलं हे थेट उत्तर आहे, आणि ते प्रत्येक अम्मी-अब्बांना वाचून दाखवलं पाहिजे.

४० टक्के होत नसतील तर कार्डासाठी अडून बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडून पत्र घ्या. त्यात आजाराच्या नावापेक्षा अडचण लिहून घ्या. किती वेळ बसता येत नाही, औषधाने काय होतं, कोणती सोय दिली तर परीक्षा देता येईल. अर्ज प्राचार्यांच्या नावे द्या, आवक क्रमांक घ्या, पोच सांभाळा. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध पुढे दाद मागणं अवघड जातं.

कॉलेजांनाही सबब उरलेली नाही. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. तुळजापूर, उमरगा, कळंबमधली बहुतेक कॉलेजं या मर्यादेत येतात. तो समुपदेशक कोण, कुठे बसतो, हे विद्यार्थ्यांनी विचारायला सुरुवात करावी.

१९९३ ला पहाटे जे ढिगाऱ्याखालून निघाले, त्यांची मुलं आज कॉलेजात आहेत. आईवडिलांच्या जखमेची नोंद झाली नाही, म्हणून ती बरी झाली असं नाही. निदान या पिढीच्या कागदावर तरी ‘घरगुती अडचण’ लिहायची वेळ येऊ नये.